हौशे आहेत, नवशे आहेत, वारकरी कुठं गेला?

जत्रेला तीन तऱ्हेची माणसं येतात असं आपल्याकडे म्हणतात: हौशे, नवशे आणि गवशे. चिंचलीच्या मायाक्काची जत्रा असो की सौंदत्तीच्या डोंगरावरची पौर्णिमा, हे तिघे तिथं भेटतातच. नेमानं येणाऱ्या माणसाला या म्हणीत जागा नाही, कारण त्याच्यासाठी मराठीत वेगळाच शब्द आहे. वारी म्हणजे फिरून फिरून येणं, आणि ते करतो तो वारकरी. श्रद्धेची आणि करमणुकीची बरोबरी मला करायची नाही. पण माणूस एखाद्या ठिकाणी परत का येतो, हे समजून घ्यायला हा शब्द फार उपयोगी पडतो, आणि सध्या चाललेल्या एका वादात त्याची उणीव मला सारखी जाणवते.

वाद डिस्नेच्या पार्कांचा आहे. तिथले जुने, वर्षानुवर्षं येणारे लोक तुटत चाललेत का? बेळगावात हा विषय निघतो यात नवल नाही. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर भागातल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. आई-वडील चार-सहा महिने तिकडे राहून येतात, आणि कॅलिफोर्नियाची किंवा फ्लोरिडाची ती एक फेरी ठरलेली असते. दुसरीकडे दिवाळी संपली की शाळांच्या सहली सुरू होतात आणि खोपोलीच्या इमॅजिकाबद्दल, बंगळूरजवळच्या बिडदीच्या वंडरलाबद्दल हाच प्रश्न जरा लहान आकारात विचारला जातो. एक बाजू म्हणते, तिकिटं एवढी चढली, आता परत कोण जाणार? दुसरी म्हणते, डोळे उघडून बघा, आत मुंगी शिरायला जागा नाही. दोघंही फाटकावर उभे राहून बोलतात, आत वळून कुणी बघत नाही.

माझं म्हणणं असं. होय, नेमानं येणारा माणूस तुटतो आहे. तिकिटाचा भाव हे त्याचं निम्मं कारण. उरलेलं निम्मं जास्त खोल आहे: न ठरवता येण्याची, आल्यावर काहीच न करता बसण्याची आणि सगळ्यांच्या रांगेत सगळ्यांसारखं उभं राहण्याची जी मुभा त्याला होती, ती काढून घेतली गेली. आणि गर्दी कितीही असली तरी हे नुकसान त्या आकड्यात दिसायचं नाही.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. डिस्नेच्या पार्क, हॉटेलं आणि क्रूझ सांभाळणाऱ्या विभागानं २०२४ या आर्थिक वर्षात ९ अब्ज डॉलरहून जास्त परिचालन नफा कमावला. बुडत्या धंद्याचं हे लक्षण नव्हे. दुसरं, वर्षाचा पास काढलेला माणूस पार्काला सोयीचा असतोच असं नाही. तो संध्याकाळी येतो, हॉटेलात उतरत नाही, घरून जेवून येतो, टोपी-बाहुल्या विकत घेत नाही. त्याच दिवशी हजारो मैलांवरून आयुष्यात एकदाच आलेलं कुटुंब रांगेत ताटकळत असतं. त्या कुटुंबाला आधी जागा मिळावी असं कुणी म्हटलं तर ते अन्यायाचं नाही. कंपनीनं २०२२ मध्ये आपल्या आर्थिक निवेदनात कॅलिफोर्नियाच्या पार्कात येणाऱ्यांचं 'मिश्रण' फायद्याचं नाही असं लिहिलं, तेव्हा जुने पासधारक दुखावले. शब्द बोचरे होते, पण त्यामागचा हिशेब खोटा नव्हता. तिसरं, बदल होणारच. डिस्नेलँड कधी पुरं होणार नाही, हे वॉल्ट डिस्नेनं स्वतःच सांगून ठेवलं होतं. फ्लोरिडाच्या पार्कातली जुनी कृत्रिम नदी आणि तिच्यातली आगबोट जुलै २०२५ मध्ये बंद झाली म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. पण हळहळणाऱ्यांपैकी किती जण दर फेरीला त्या बोटीत बसत होते, हा प्रश्नही रास्तच आहे.

एवढं मान्य करूनही 'गर्दी आहे, नफा आहे, म्हणजे सगळं ठीक' हा त्यांचा पहिला मुद्दा टिकत नाही, आणि का टिकत नाही हे साध्या हिशेबानं कळतं. समजा, एखाद्या पार्कात वर्षाला १० लाख प्रवेश होतात. त्यातले २ लाख प्रवेश दहा-दहा वेळा येणाऱ्या २० हजार माणसांचे. यातली निम्मी माणसं यायची थांबली तर १ लाख प्रवेश घटले. तेवढेच नवे लोक जाहिरात बघून एकेकदा आले की फाटकावरचा आकडा पुन्हा १० लाखांवर जातो. उलट नवा माणूस दिवसभरात जास्त खर्च करतो, म्हणून त्या वर्षीचा ताळेबंद आधीपेक्षा सुंदर दिसतो. फरक पुढच्या वर्षी कळतो: गेलेले १० हजार लोक बोलावल्याशिवाय येत होते, आणि आलेल्या १ लाखाच्या जागी पुन्हा नवे १ लाख शोधावे लागतात. गर्दी आहे म्हणून नेमाचा माणूस शाबूत आहे असं म्हणणं म्हणजे घागर भरलेली दिसते म्हणून ती गळत नाही असं म्हणण्यासारखं आहे. वरून नळ चालू आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता भावाचं बघू. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडचं एका दिवसाचं तिकीट १२ डॉलर होतं. महागाई धरली तर आजचे साधारण ४० डॉलर. २०२४ च्या अखेरीस सगळ्यात गर्दीच्या दिवसाचं तिकीट २०६ डॉलरवर गेलं. ही वाढ कुणाच्याही खिशाला जाणवणारच. पण भाव हेच एकमेव कारण असतं, तर सगळ्यात महाग पास घेणारा माणूस सगळ्यात आधी गेला असता. घडलं वेगळंच. ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या वार्षिक पासाच्या जागी नवी योजना आली. तिच्यातला सर्वांत वरचा पास १,३९९ डॉलरचा होता, आणि त्यावर वर्षातला एकही दिवस बंद नाही असं सांगितलं होतं. लोकांनी तो आनंदानं घेतला. मग कळलं की पास असला तरी येण्याचा दिवस आधी नोंदवावा लागतो, आणि पासवाल्यांसाठी राखलेल्या जागा संपल्या की फाटक त्यांच्यापुरतं बंद, मग त्याच दिवसाचं साधं तिकीट विकायला असलं तरीही. प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीनं ९५ लाख डॉलर देऊन ते मिटवलं. चौदाशे डॉलर मोजताना न कुरकुरलेला माणूस कोर्टाची पायरी चढला तो 'आज या, उद्या नको' ऐकावं लागलं म्हणून.

पंढरीला आषाढीच्या गर्दीत कितीतरी वारकरी गाभाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला माथा, कळसाचं दर्शन, फडावरचं कीर्तन, आणि परतीची वाट. खानापूर-बेळगावकडच्या दिंड्या कार्तिकीला, माघीला चालत जातात, त्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर दर्शन झालं असंच ते सांगतील. नव्यानं जाणाऱ्या माणसाचं मात्र असं होत नाही. त्याला पदस्पर्शदर्शन झालंच पाहिजे, कारण पुन्हा कधी येणं होईल ठाऊक नसतं. पार्कातही हाच भेद आहे. पहिल्यांदा आलेल्याला बारा पाळण्यांपैकी बाराही हवेत. पन्नासाव्यांदा आलेला माणूस झाडाखालच्या ठरलेल्या बाकावर बसतो, ओळखीच्या वाद्यवृंदाचे दोन तुकडे ऐकतो, एखादी जुनी, हळू चालणारी राईड करतो आणि घरी जातो. त्याला थोडं लागतं, पण ते थोडं हमखास लागतं. बाक काढून तिथं खाऊची टपरी उभी केली, संध्याकाळचा वाद्यवृंद कमी केला, की नव्या माणसाला काही उणं वाटत नाही. जुन्याचं मात्र येण्याचं कारणच उठलेलं असतं.

आणि मग रांग. इथं जरा थांबून हिशेब करायला हवा, कारण या वादात सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. एका मोठ्या पाळण्याची गाडी २४ आसनांची धरा. दर ९० सेकंदांनी एक गाडी सुटली तर तासाला ४० फेऱ्या, म्हणजे ९६० माणसं. तुमच्या पुढं ४०० माणसं असतील तर तुमचा नंबर २५ मिनिटांत लागतो. आता शेजारी जादा पैशांची दुसरी रांग सुरू करा, आणि फलाटावर उभ्या कामगाराला सांगा की शंभरातले सत्तर त्या रांगेतून घ्यायचे. पाळणा तोच, गाड्या त्याच, पण साध्या रांगेच्या वाट्याला तासाला २८८ जागा उरल्या. तेच ४०० लोक संपायला आता १ तास २३ मिनिटं लागतात. यात फलाटावर नेहमीची रडकथा मिसळा: कुणाची चप्पल काढायची राहिली, कुणाच्या खिशात मोबाइल सापडला, खांद्यावरचा दांडा एकाच्या अंगावर बसेना, उंचीची पट्टी रांगेच्या तोंडाशी न लावता वर फलाटावर लावली म्हणून एक पोर रडत परत निघालं. प्रत्येक गाडीला असा अर्धा मिनिट गेला तर फेऱ्या तासाला ३० होतात, साध्या रांगेला २१६ जागा मिळतात आणि २५ मिनिटांची वाट १ तास ५१ मिनिटांवर जाते. दोन गाड्यांपैकी एक कारखान्यात गेली तर विचारूच नका. एक फेरी पुरी होऊन गाडी परत येईपर्यंत फलाट रिकामा. उशीर कुठलाही असो, त्याचा जास्त भार साध्या रांगेवरच पडतो, कारण पैसे घेतलेल्या रांगेला वेळ दिलेली असते आणि ती पाळावी लागते.

यावर एक जुना आणि खरोखर वजनदार युक्तिवाद आहे. चांगल्या राईडला जास्त पैसे हे काही आजचं नाही. १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झालं त्याच वर्षी तिथं कूपनांची पुस्तकं आली. पुढं कूपनांचे 'ए' ते 'ई' असे पाच वर्ग झाले, आणि सगळ्यात भारी राईडला 'ई' कूपन लागायचं. १९८२ मध्ये ती पद्धत संपली. मग आज वेगळे पैसे घेतले तर बिघडलं काय? बिघडलं ते असं. 'ई' कूपन फाडून आत गेलेला लखपती आणि महिनाभर साठवून तेच कूपन घेतलेला कारकून एकाच रांगेत, एकामागं एक उभे असत. पैसे राईडचे होते. आज विकली जाते ती रांगेतली दुसऱ्याची जागा. मधल्या काळात, १९९९ पासून, वेळेची चिठ्ठी फुकट मिळायची. तिनंही साधी रांग लांबतच होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण सुरुवातीची कागदी चिठ्ठी सगळ्यांना सारखी मिळायची, आणि पार्क नीट ओळखणाऱ्याला ती कधी, कुठं घ्यायची हे ठाऊक असायचं. नेमानं येण्याची ती कमाई होती. २०२१ मध्ये तिच्या जागी पैशांची सोय आली: फ्लोरिडात माणशी, दिवसाला १५ डॉलरपासून. २०२४ पासून फ्लोरिडात पार्काच्या हॉटेलात उतरलेल्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी मोबाइलवर वेळा धरून ठेवता येतात. कचेरी सुटल्यावर सहज वळणाऱ्या माणसानं तीन दिवस आधी काय धरून ठेवायचं?

आपल्याकडच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे, ते घेणारे बेळगावातही हजारो आहेत, आणि दूरच्या, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या माणसाला त्याचा आधार होतो हेही खरं. पण गावच्या जत्रेत ओटी भरायला पैशांची वेगळी रांग लावून बघा. पहिल्या वर्षी देवस्थानाची पेटी भरेल. तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या बायका म्हणू लागतील, गर्दी ओसरल्यावर मंगळवारी जाऊ. भांडण कुणी करायचं नाही. नेमाचा माणूस जाताना दार आपटत नाही, म्हणून तर तो गेलेला कळत नाही.

नावीन्य हवं म्हणून लोक परत येतात, हा या वादातला दुसरा मोठा गैरसमज. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक त्याचं उत्तर आहे. वैशाखात, भर उन्हाळ्यात, मंडळांचे ट्रॅक्टर रात्रभर हलतात. ट्रॉलीवर फळ्यांचा मंच, मागं रंगवलेला पडदा किंवा थर्माकोलचा बुरूज, जनरेटर, दोन कर्णे आणि वीस-पंचवीस पोरं. चौकात ट्रॅक्टर थांबतो, दिवे लागतात, सजीव देखावा होतो, पुढचा ट्रॅक्टर रेटायला लागतो. मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडे बाजार, सगळीकडे माणसं संध्याकाळपासून कट्टे धरून बसलेली असतात. अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, पावनखिंड: कथा पाठ असलेल्यांनाच ती पुन्हा बघायची असते. जनरेटर बसला तर कर्ण्याशिवाय, नुसत्या घशानं संवाद म्हणणारं पोर लोकांना जास्त आवडतं. गेल्या वर्षी मावळा झालेला मुलगा यंदा बाजीप्रभू झालाय, हे ज्याला कळतं तोच खरा प्रेक्षक. त्याला गोष्ट तीच हवी असते आणि त्यातली माणसं हाडामांसाची हवी असतात.

संगीत नाटकाचा सुवर्णकाळही अशाच प्रेक्षकानं पेलला, आणि त्या नाटकाची नाळ आपल्याच जिल्ह्यात आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये त्यांनी पुण्यात संगीत नाटक उभं केलं. नंतरच्या पन्नास वर्षांत कंपन्या गावोगाव मुक्काम टाकत, तेव्हा रोज नवा प्रेक्षक कुठून आणणार? बेळगाव, हुबळी, सांगलीसारख्या गावात तेच रसिक तेच नाटक पुन्हा बघायला येत, आणि 'वन्स मोअर'मुळं काल सात मिनिटं झालेलं पद आज वीस मिनिटं चाले. नाटक तेच, रात्र वेगळी. कुणी म्हणेल, तरीही बोलपट आल्यावर त्या कंपन्या मोडल्याच ना? मोडल्या. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला, तिकीट स्वस्त होतं, खेळ दिवसातून अनेकदा होत होते. पण बोलपटानं नेला तो प्रामुख्यानं हौशी प्रेक्षक, आणि कंपन्यांचे मखमली पडद्यांचे, भरजरी वेषांचे खर्च तोवर त्या हौशी गर्दीच्या हिशेबानं वाढून बसले होते. नेमाचा रसिक बालगंधर्वांच्या उतारवयातही येत राहिला. तो एकटा तेवढा डोलारा पेलू शकत नव्हता, एवढंच.

हा डोलाऱ्याचा प्रश्न आपल्या देशातल्या पार्कांना थेट लागू आहे. खोपोलीचा इमॅजिका २०१३ मध्ये मोठ्या कर्जावर उभा राहिला. कर्जाचा बोजा पेलवेना, आणि २०२२ मध्ये तो मालपाणी समूहाकडे गेला. व्याजाचा हप्ता दर महिन्याला येतो, माणसाला सवय लागायला मात्र दहा वर्षं लागतात. त्यामुळं कर्जात असलेलं पार्क नवा गिऱ्हाईक आणि मोठं तिकीट यांच्या मागं धावतं, सवय लावत बसायला त्याला सवड नसते. वर सरकारनं जुलै २०१७ मध्ये या तिकिटांवर २८ टक्के जीएसटी लावला होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आला. उलट बाजूला वंडरलाची सुरुवात २००० मध्ये कोचीत झाली, बंगळूरचं पार्क २००५ मध्ये आलं, हैदराबादचं २०१६ मध्ये. एकेका शहराच्या कुशीत, सावकाश. मोठ्या शहराजवळचं पार्क निदान वारकरी घडवू शकतं.

मुंबईच्या गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं. ते बंद झालं तेव्हा आपल्याकडेही कितीतरी जणांनी मार्वेच्या बोटीची, पहिल्या पाळण्याची आठवण काढली. त्यातले किती जण शेवटच्या दहा वर्षांत तिथं गेले होते? प्रेम शिल्लक होतं, पाय मात्र कधीच वळेनासे झाले होते. लोकांचा जीव किती जडलाय यावर विसंबणाऱ्या कुठल्याही पार्कानं हे ध्यानात ठेवायला हवं.

मग मोजायचं काय? फाटकावरची डोकी मोजून भागणार नाही. गेल्या वर्षीच्या पासधारकांपैकी कितींनी पास पुन्हा काढला, त्यातले लहान मुलं सोबत नसताना कितीजण आले, दुपारी चारनंतर येऊन दोन तासांत परतणारे किती, एकही मोठी राईड न करता गेलेले किती: हे आकडे आज पार्कांना मिळवता येतात, कारण मनगटाचा पट्टा किंवा मोबाइलचा कोड जागोजागी टिपता येतो. शेवटचे दोन आकडे घटू लागले की समजावं, नेमाचा माणूस निघाला. साध्या रांगेला निम्म्याहून कमी जागा कधीच द्यायच्या नाहीत हा नियम फलाटावर पाळला तर वरच्या हिशेबातली वाट ८३ मिनिटांवरून ५० वर येते, आणि त्यासाठी एक रुपयाची नवी यंत्रसामग्री लागत नाही. फक्त जादा पैशांच्या चिठ्ठ्या कमी विकाव्या लागतात.

बेळगावहून खोपोली साधारण ४०० किलोमीटर, बिडदी ५०० हून जास्त. इथला माणूस दर महिन्याला जाणार नाही. पण तीन-चार वर्षांतून एकदा जाणाराही वारकरीच असतो, त्याची वारी लांब पल्ल्याची असते. आज त्याचं काय होतं? रात्रभर बसमध्ये अवघडून सकाळी पोचायचं, पास आणि कपाटांच्या खिडकीवर तास मोडायचा, दुपारी दोन मोठ्या राईड, संध्याकाळी सहाला परतीची गाडी. निम्मं पार्क बघायचं राहतं आणि तिकीट त्या दिवशीच मरतं. शाळेच्या सहलीत तर चाळीस पोरांच्या उंच्या मोजण्यातच सकाळ जाते. दूरच्या पत्त्यावरच्या तिकिटाला वर्षभर चालणारी, निम्म्या भावाची दुसऱ्या दिवसाची चिठ्ठी जोडून द्यावी. सहलीच्या मुलांच्या उंच्या शाळेतच मोजून रंगीत पट्ट्या आधी पाठवाव्यात. सहलीला आलेलं पोर पुढच्या मे महिन्यात आई-बापांना घेऊन आलं का, हे त्या चिठ्ठीच्या नंबरावरून पार्काला कळेल.